गुरुवारी गुरुवारी भरलेला खांब

आमच्याकडं कुणी घर बांधून मागायला येत नाही. घराचा एक दिवस मागायला येतात. गुंठाभर जागा घेतलेली असते. त्यावर नवरा-बायकोनं, मेव्हण्यानं आणि कंपनीतल्या दोन-चार दोस्तांनी मिळून पाया खणलेला असतो, विटा लावलेल्या असतात, खांब उभे केलेले असतात. मग एक दिवस मालक वर बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की छत काही आपल्याच्यानं व्हायचं नाही. तेव्हा माझ्यासारख्याला फोन येतो. "मिस्त्री, बाकी सगळं झालंय, फक्त स्लॅब टाकून द्या." हे 'फक्त' ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले.

मी सेंट्रिंगवाला. मूळचा बीडकडचा, पण उभा जन्म चाकण, निघोजे, कुरुळी, मोशी या पट्ट्यात स्लॅब टाकण्यात गेला. आता गुडघे बोलायला लागले तेव्हा माणसं कमी केली, प्लेटा भाच्याला दिल्या आणि घरी बसलो. आमच्या भागातलं एक मंडळ दिवाळी अंक काढतं. त्याची पोरं आली आणि म्हणाली, मिस्त्री, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, ती झेंडूची गोष्ट तर पाहिजेच. म्हणजे बघा, ती गोष्ट मला सांगायचीसुद्धा गरज उरलेली नाही, ती आधीच पोचलेली आहे. तर लिहितो. पण पोरांनी ऐकली ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आधी धंदा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्लॅब टाकायचा म्हणजे खाली टेकू उभे करायचे, त्यावर लोखंडी प्लेटा अंथरायच्या, प्लेटांवर सळईची जाळी बांधायची आणि सकाळी सुरू केलेलं काँक्रीट दिवस मावळायच्या आत संपवायचं. मधी थांबायचं नाही. पाऊस येऊ दे, मिक्सर बिघडू दे, मालकाच्या सासऱ्याला चक्कर येऊ दे. भिंतीचं काम आज चार थर, उद्या चार थर असं चालतं. स्लॅबला ते लाड चालत नाहीत. म्हणून एरवी सगळं स्वतःच्या हातानं करणारा माणूसही त्या एका दिवसापुरता आम्हाला बोलावतो. आणि आमची गोची अशी की स्लॅब आमचा असला तरी तो उभा राहतो तुमच्या खांबांवर. उद्या काही झालं तर लोक स्लॅब टाकणाऱ्याचं नाव घेतात, खांब भरणाऱ्याचं नाही.

नमुने तर किती भेटले. एकानं जिना आधी बांधला आणि दार नंतर ठेवलं, शेवटची पायरी दाराच्या वर दीड फूट गेली. मला म्हणाला, काळजी करू नका, दार वर सरकवू. दुसऱ्यानं कंपनीतल्या भंगारातल्या सळया आणल्या होत्या, प्रत्येक सळई निराळ्या जाडीची, वर मला ऐकवतो की हे लोखंड परदेशी आहे. पुनावळ्याला फ्लॅटमध्ये राहणारा एक कॉम्प्युटरवाला होता, त्याला निघोज्याला गावाकडच्यासारखं घर पाहिजे होतं. तो मोबाईलवर व्हिडिओ लावून माझ्या शेजारी उभा राहायचा आणि व्हिडिओतला माणूस काय म्हणतो ते मला सांगायचा. मी त्याला म्हणालो, राव, मग त्यालाच बोलवा की. असल्यांवर मी चिडायचो, पण त्यांच्याकडं जेवायचोही, आणि त्यांचे स्लॅब आजही कोरडे आहेत हे सांगताना मला अजून बरं वाटतं.

संजय ढगे मात्र या नमुन्यांतला नव्हता. हिंगोलीकडचा माणूस, निघोज्याजवळच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. म्हणजे दुसऱ्यानं केलेला तुकडा मोजायचा आणि चुकला असेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला टाकायचा, हे त्याचं काम. त्याची बायको मंगल, तीही एका कंपनीत पॅकिंगला जायची. गावातल्या तात्यांनी आपल्या वावराचे गुंठे पाडून विकले होते, त्यातला एक गुंठा या दोघांनी घेतला. भाड्याच्या खोलीत दोन पोरं, आणि चार वर्षं मिळेल त्या सुट्टीला घराचं काम.

आता आमच्या या पट्ट्यात सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. बाहेरच्या लोकांना हे विचित्र वाटतं, पण इथं सगळं गुरुवारवर चालतं, लग्नाची बोलणी, पोरांचे वाढदिवस, घराचं बांधकाम. संजय आणि मंगलचं घर गुरुवारी गुरुवारीच वाढलं. विटांना ते चालतं, मी वर सांगितलंच. खांबाला चालतं की नाही, हा प्रश्न आहे.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा खरं सांगतो, मनात वाहवा केली. सहा खांब होते. ओळंबा धरून बघितला, एका खांबाला सूतभर फरक नाही. धंदेवाईक माणसाचेही असे निघत नाहीत. संजय हाताची घडी घालून बाजूला उभा होता, आणि मी काय बोलतो याची वाट बघत होता. मी म्हणालो, ढगेभाऊ, हात चांगला आहे तुमचा. तो लाजल्यासारखा हसला. त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी स्लॅब ठरला. मिक्सर ठरला, हिंगोलीहून दोघांचे भाऊ आणि मेव्हणे येणार होते, भाड्याची खोली महिनाअखेर सोडतो म्हणून सांगून झालं होतं. प्लेटा मी त्याच्या आधीच्या गुरुवारी आणून टाकणार होतो.

त्या दिवशी माझी माणसं टेम्पोतून प्लेटा उतरवत होती. संजयचे कंपनीतले चार-पाच दोस्त मदतीला आले होते. मी खांबांवर टिचक्या मारत फिरत होतो, ती माझी सवय. प्रत्येक खांबावर कमरेच्या उंचीला एक आडवी रेघ दिसत होती. मी विचारलं. संजय म्हणाला, दोघं मिळून हातानं माल कालवायचो, एका दिवसात सहा खांब पुरे व्हायचे नाहीत. म्हणून एका गुरुवारी सहाही कमरेपर्यंत भरले आणि पुढच्या गुरुवारी वरपर्यंत.

सांधा ठेवणं हे पाप नाही. मोठमोठ्या बिल्डिंगांतही सांधे असतात. जुना माल खरवडायचा, तारेचा ब्रश मारायचा, धुवून काढायचा, सिमेंटचं पाणी ओतायचं आणि मग वर नवा माल भरायचा, तर दोन्ही एकजीव होतात. संजयला हे माहीत होतं, त्यानं तसंच केलं होतं. पाच खांब हातोडीखाली खणखणीत वाजले. समोरच्या कोपऱ्यातला सहावा खांब बोदा वाजला. हातोडीच्या टोकानं रेघेवर खरवडलं तर तिथून माती गळावी तसा माल गळला. आणखी खरवडलं तर काहीतरी तपकिरी, चिवट बाहेर आलं. बोटानं ओढून बघितलं, झेंडूच्या पाकळ्या होत्या. मागून चार तांदूळ आले आणि हळदीचा पिवळा थर.

झालं होतं असं. तो खांब पूजेचा होता, पाया भरताना नारळ तिथंच फोडला होता. पहिल्या गुरुवारी काम कमरेपर्यंत येऊन थांबलं, तेव्हा मंगलवहिनींनी त्या खांबाच्या ओल्या माथ्यावर हळदकुंकू, अक्षता आणि फुलं वाहिली. अर्धं काम देवाला दाखवल्याशिवाय उघडं सोडू नये, असं त्यांच्या घरी मानतात. पुढच्या गुरुवारी संजयनं पाच खांबांना ब्रश मारला. सहाव्याला मारला नाही. पूजेवर ब्रश कसा मारायचा? त्यानं बायकोला विचारलं, ती म्हणाली, देवाचं आहे, आतच राहू द्या, घराला चांगलं. त्यानं वर माल ओतला. दिवसभर दुसऱ्याच्या कामातला केसभर फरक पकडणारा माणूस, पण फुलांपुढं त्याचा हात अडला. मला आज ते समजतं. त्या दिवशी समजलं नाही असं म्हणणार नाही, समजून घ्यायचं नव्हतं.

मी काय करायला पाहिजे होतं? संजयला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं. मी काय केलं? त्या पाकळ्या तळहातावर घेतल्या, माझ्या माणसांकडं हात केला आणि म्हणालो, बघा रे, ढगेभाऊंनी खांबात बाग लावलीय. माणसं हसली. संजयचे दोस्तही हसले. मंगलवहिनी चहाचा ट्रे घेऊन समोरच उभ्या होत्या. तेवढ्यावर मी थांबलो नाही. मी संजयला म्हणालो, "तुमच्या कंपनीत हा तुकडा पास केला असता का तुम्ही?"

हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढं कितीतरी वर्षं मी ते जसंच्या तसं लोकांना ऐकवलं.

संजयचा चेहरा उतरला. दोस्तांसमोर, बायकोसमोर. मी सांगितलं, हा खांब कमरेपासून वर फोडायचा, नव्यानं भरायचा, त्याला पाणी मारायचं, म्हणजे स्लॅब महिनाभर पुढं गेला. तो हळूच म्हणाला, दुसरं काही करता नाही येणार का? त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर होतं. पण त्याच्या पाठोपाठ तो, स्वतःची लाज झाकायला म्हणा, थोडा चढ्या आवाजात बोलला.

"मिस्त्री, तुम्हाला स्लॅबला बोलावलंय. खालचं घर आम्ही बांधलंय, ते आमचं आम्ही बघू. स्लॅब टाकायचा तर टाका, नाहीतर प्लेटा उचला."

मी प्लेटा उचलल्या. अर्धा टेम्पो उतरवून झाला होता, तो परत भरला. माणसांना आधी कळेचना, मी ओरडलो तेव्हा हलली. मंगलवहिनी माझ्यामागं दोन पावलं आल्या, काहीतरी विचारणार होत्या. मी मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या कुणीतरी पुढच्या गुरुवारी तो स्लॅब टाकला. स्लॅब चांगला पडला असं कानावर आलं. गुरुवार असल्यानं मटण नव्हतं, पुरी-भाजी आणि शिऱ्याचं जेवण झालं. वास्तुशांतीचं बोलावणं मला आलं नाही, ते येणारही नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक कडू गोष्ट सांगतो. स्लॅब टाकू नको म्हणणारा माणूस बरोबर होता हे कधी सिद्ध होत नाही. घर उभं राहिलं तर तो मूर्ख किंवा अडेलतट्टू. घर पडलं तरच तो शहाणा, पण तेव्हा त्याला शहाणा म्हणायला कुणी शुद्धीवर नसतं. संजयचं घर उभं राहिलं. तात्या, ज्यांनी ती जमीन विकली होती, ते चाकणला कांद्याच्या मार्केटाजवळ चहाच्या टपरीवर बसलेले असायचे. मी दिसलो की विचारायचे, "काय मिस्त्री, पडलं का न्हाई त्ये घर? आमी तर रोज बघतुया, हाय तसंच हाय." बाकीचे हसायचे. दोन-तीन गिऱ्हाइकं त्या पायी गेली. ढगेंचं काम अर्ध्यावर टाकून पळाला तोच ना हा, असं म्हणायचे.

मग मी माझी गोष्ट सांगायला लागलो. झेंडूच्या खांबाची. टपरीवर, साइटवर, सिमेंटच्या दुकानात. नाव घ्यायचो नाही, 'एक क्वालिटीवाला' आणि 'त्याची बायको' एवढंच. बाई कशी म्हणाली, देवाचं आहे, आतच राहू द्या, ते मी बायकी आवाज काढून सांगायचो. हमखास हशा. शेवटी ते कंपनीचं वाक्य टाकायचं, की समोरचा टाळी द्यायचाच. गोष्ट माझ्याही पुढं गेली. एकदा महाळुंग्याला एका अनोळखी माणसानं मलाच ती सांगितली, आणि मी ऐकून घेतली.

आणखी एक लिहितो, लिहायचं ठरवलंच आहे तर. मी त्या घरावरून जायचो. कामाच्या वाटेवर नव्हतं, तरी गाडी तिकडं वळवायचो. समोरचा कोपरा बघायचो, ओसरीवरच्या छताला चीर दिसते का बघायचो. एका वर्षी पाऊस फार झाला, आठ-आठ दिवस उघडीप नाही, तेव्हा मी मुद्दाम गेलो. चीर नव्हती. आणि मला वाईट वाटलं. त्या घरात दोन पोरं आहेत हे मला माहीत होतं, आणि तरी मला ते पडायला पाहिजे होतं. सगळं नाही, एक कोपरा, दुपारी, कुणी घरात नसताना, असं मी मनातल्या मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं. माणूस किती खाली जातो ते त्याला एकट्यालाच कळतं.

सात वर्षं गेली. मग एक दिवस दुपारी, पहिल्या शिफ्टची बस सुटल्यावर, मंगलवहिनी माझ्या दारात उभ्या. अंगावर कंपनीचा ॲप्रन तसाच. मी ओळखलं नाही असं दाखवलं, पण त्यांनी सरळ विषयालाच हात घातला. वर एक मजला चढवायचं ठरलंय, पोरगी मोठी झाली, तिला खोली पाहिजे. तुम्ही एकदा येऊन बघून जा. पण गुरुवारी नको, ते घरी असतात. तुम्ही याल त्या दिवशी मी रजा टाकते.

मी म्हणालो, दुसरे मिस्त्री आहेत की, ज्यांनी स्लॅब टाकला ते.

त्या म्हणाल्या, "ते म्हणतेत काही होत नाही. समदेच म्हणतेत काही होत नाही. तुम्ही एकट्यानंच म्हणला होतात, होतंय म्हणून."

मी गेलो. घर नीटनेटकं होतं, दारात तुळस, भिंतींना पोपटी रंग. त्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरलो आणि जरा चमकलो. खोली रिकामी होती. पलंग नाही, कपाट नाही. भिंतीशी देव्हारा आणि धान्याच्या दोन कोठ्या, बस. मी विचारलं, इथं कोण झोपतं? कुणीच नाही. चौघंही स्वयंपाकघरात झोपतात, खाली गाद्या टाकून. कधीपासून? राहायला आल्यापासून.

मंगलवहिनींनी नवऱ्याला सांगितलं होतं की या खोलीला पश्चिमेचं ऊन लागतं, रात्रभर भिंती तापलेल्या असतात. पोरांना सांगितलं होतं की इथं देव आहेत, इथं लोळायचं नाही. देव्हारा मुद्दाम तिथं मांडला होता, म्हणजे कुणी हट्ट करणार नाही. आल्यागेल्याला त्या कोपऱ्याच्या ओसरीत उभं राहू द्यायच्या नाहीत, लगेच चहाला आत बोलवायच्या. नवऱ्याला खांबाबद्दल एका शब्दानं बोलल्या नाहीत, कारण घर त्यानं हातानं बांधलं होतं आणि कंपनीत तो सगळ्यांना ते सांगायचा. सात वर्षं हे सगळं त्यांनी एकटीनं सांभाळलं. गावभर लोक मला हसत होते तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारं एक माणूस होतं, आणि ते त्या घरात राहत होतं.

मी काही बोलावं म्हणून म्हणालो, वहिनी, तेव्हा मी जरा जास्तच बोललो.

त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, माझ्या फुलानं झालं का ते?"

त्यांनी ती गोष्ट ऐकली होती. एका हळदीकुंकवाला, शेजारच्या बाईनं कुठून तरी ऐकून सांगितली, बायकी आवाज काढून. सगळ्यांबरोबर त्याही हसल्या होत्या.

मी खांबाचा गिलावा छिन्नीनं काढायला घेतला. रेघ होती तिथंच होती. मूठ जाईल एवढी पोकळी, आत सळई गंजून फुगलेली. वर एकच स्लॅब होता म्हणून खांबानं ओढून नेलं होतं. आणखी एक मजला चढला असता तर मी सांगू शकत नाही काय झालं असतं. सांगू शकतो, पण सांगणार नाही. मी बरोबर होतो. आणि पहिल्यांदा काय झालं म्हणाल, तर मला आनंद झाला. तात्यांना आणून दाखवावं असं वाटलं. मग मान वळवली तर मंगलवहिनी देव्हाऱ्याला टेकून खाली बसलेल्या होत्या, आणि मला हातातली छिन्नी कुठं ठेवावी ते कळेना.

त्यांनी त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संजय माझ्याकडं आला. डोक्यावर टक्कल पडलं होतं. मागचं काही तो बोलला नाही, मीही बोललो नाही. एवढंच म्हणाला, काय ते करा, पण शेजारी विचारलं तर सांगा वरच्या मजल्यासाठी करतोय. मी म्हणालो, तसंच सांगू. त्याचा मान राखायची संधी मला एवढ्या वर्षांनी मिळाली आणि मी ती घेतली.

काय केलं ते सांगतो. जड स्लॅब डोक्यावर असताना खांब फोडता येत नाही. म्हणून खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू लावून भार उचलून धरायचा. सडलेला भाग काढायचा, गंज घासायचा, पोकळी भरायची. मग चारी बाजूंनी नव्या सळया उभ्या करून त्यांना रिंगा बांधायच्या आणि चार बोटं जाडीचा काँक्रीटचा कोट घालायचा, पायापासून तुळईपर्यंत. आम्ही त्याला जॅकेट म्हणतो. माणूस थंडीत स्वेटर घालतो तसा खांब जाडा होतो, आणि पहिल्यापेक्षा भक्कम होतो.

गुरुवार होता. सकाळी आठला भाचा दोन माणसं घेऊन आला. संजयनं स्वतः घमेली उचलली, मी नको म्हणत असताना. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही हातपाय धुतले. मी खाटेवर बसून सूचना देत होतो, माझे गुडघे तेवढंच करू देतात. मंगलवहिनी दिवसभर त्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी विचारलं, झालं? मी म्हणालो, झालं. एकवीस दिवस पाणी मारा, तोवर टेकूला हात लावू नका, मग खुशाल इथं पलंग टाका.

त्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि त्या जाड झालेल्या खांबासमोर उभ्या राहिल्या.

"एवढंच?"

मी मान हलवली.

संजय बाहेर भाच्याबरोबर घमेली धूत होता. वहिनींनी मला चहा आणून दिला आणि समोर बसल्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, हे सात वर्षांमागं होत नव्हतं का हो?"

होत होतं. स्लॅब पडायच्या आधी तर याहून सोपं होतं, डोक्यावर भार नव्हता, भार पेलायला वेगळे टेकू लावायची गरज नव्हती. त्याच वर्षी एका कंपनीच्या शेडमध्ये मी स्वतः दोन खांबांना जॅकेट घातलं होतं. संजयनं विचारलं होतं ना, दुसरं काही करता नाही येणार का? तेव्हा हेच माझ्या ओठांवर आलं होतं. स्लॅब एक दिवससुद्धा पुढं गेला नसता, कारण नवा स्लॅब तसाही तीन आठवडे आमच्याच टेकूंवर असतो. पण त्यानं मला प्लेटा उचला म्हटलं, आणि मी तो शब्द गिळला. येऊ दे पाया पडत, मग सांगतो, असं ठरवून मी टेम्पोत बसलो होतो. तो आला नाही आणि मी गेलो नाही.

मंगलवहिनी उत्तराची वाट बघत होत्या.

मी म्हणालो, "नाही वहिनी. तेव्हा असलं काही निघालं नव्हतं. हे आत्ता आत्ता आलंय."

"मग तुमचा तरी काय दोष," त्या म्हणाल्या, आणि माझा कप उचलून आणखी चहा आणायला आत गेल्या.

मी तो चहाही प्यालो.